अंबाजोगाईच्या वाट्याची थंडी

अंबाजोगाई तालुक्याची थंडी दरवर्षी उत्तरेकडून गाडीने आणावी लागते, आणि त्या वर्षी ती आणायचं काम नागनाथ आणि सुधामती चौसाळकर यांच्याकडे आलं.

हे काम निवृत्त जोडप्यांनाच देतात. भरलेली गाडी ताशी चाळीसच्या वर नेली तर थंडी विरते, आणि सकाळी दहाच्या पुढे तिला उन्हात हलवता येत नाही. नोकरीतल्या माणसाला इतकी रजा कोण देणार? शिवाय स्वतःची घरगाडी लागते. चौसाळकरांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. नागनाथराव कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सुधामतीबाई मुख्याध्यापिका होत्या आणि गाडी त्याच चालवत. त्यांचा अर्ज सहा वर्षं पडून होता. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मग दारातल्या रांगोळीवरूनच चालत शेजारणीकडे सांगायला गेल्या.

तालुक्याला बहात्तर पहाटा मिळतात. आणणाऱ्या जोडप्याला त्याशिवाय एक पहाट स्वतःसाठी मिळते. ती कधी उघडायची हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. चौसाळकरांचं ठरलेलं होतं. वैशाखात, अगदी जीव नकोसा झालेल्या एखाद्या दिवशी, खिडक्या लावून ती उघडायची आणि दोघांनी शाल पांघरून बसायचं. नागनाथराव नुसत्या विचारानेही हात चोळत.

दसरा झाला तसे ते निघाले आणि सात दिवसांनी उत्तरेतल्या डोंगरपायथ्याच्या मैदानावर पोचले. तिथे राज्यभरातल्या घरगाड्या उभ्या होत्या. गाड्यांच्या मध्ये दोऱ्या बांधून लुगडी आणि बनियन वाळत घातलेले होते. कुणी ओळख करून घेताना नाव विचारत नव्हतं, तालुका विचारत आणि त्याच नावाने हाक मारत. दिंडोरी मंगळवेढ्याला लोणचं देत होती, चंदगडच्या गुडघ्यावर उमरग्याचं तेल चोळलं जात होतं. नेवासा नावाच्या एका गृहस्थांनी नागनाथरावांना मिठी मारून "या अंबाजोगाई, या" म्हटलं, तेव्हा त्यांना नोकरीतल्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला, असं ते नंतर सांगत.

दुसऱ्या दिवशी ते थंडी वाटपाच्या खिडकीवर गेले. बोर्डे नावाच्या अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, रजिस्टर पाहिलं, पुन्हा कागद पाहिले.

"अंबाजोगाईची थंडी गेलेली आहे," ते म्हणाले.

"कुठे?" सुधामतीबाईंनी विचारलं.

"अंबडच्या गाडीत. रजिस्टरमध्ये दोन्ही ओळी 'अंब'ने सुरू होतात. भरणाऱ्याने दोन्ही एकाच गाडीत भरल्या. गाडी पाच दिवसांपूर्वी निघाली."

बोर्डे यांनी चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या वर्षीसाठी त्यांचं नाव पहिलं लावतो म्हणाले. बाईंनी विचारलं की यंदा अंबाजोगाईच्या लोकांनी काय करायचं. बोर्डे म्हणाले, थंडी न मिळालेल्या तालुक्यात हरभरा येत नाही, बाकी फारसा फरक पडत नाही. बाईंना हे उत्तर पटलं नाही. नरकचतुर्दशी आठ दिवसांवर आली होती. अख्ख्या तालुक्याने घामाघूम होऊन उटणं लावायचं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांनी अंबडची गाडी गाठता येईल का असं विचारलं.

"नियमात बसतं," बोर्डे म्हणाले. "वाटेत वाटणी करता येते. दोन्ही जोडप्यांची संमती पाहिजे."

नागनाथरावांनी तिथेच कागद मागून घेतला. आयुष्यभर त्यांनी कालव्यात सोडलेलं पाणी कुठल्या चारीला किती वाजता पोचेल याचे हिशेब केले होते. अंबडची भरलेली गाडी सकाळी चारच तास आणि चाळीसच्या वेगाने जाणार. आपली रिकामी गाडी दिवसभर कितीही पळवता येणार. चौथ्या दिवशी सकाळी, तापीच्या काठावर, असं उत्तर आलं. तिथून तीन सकाळी अंबाजोगाईला लागणार होत्या. एकही दिवस जास्तीचा उरत नव्हता. बाईंनी पदर खोचला आणि इंजिन सुरू केलं. मैदानावरच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्यांना निरोप दिला.

पुढचे तीन दिवस सुधामतीबाईंनी जशी गाडी चालवली तशी त्यांनी आधी कधी चालवली नव्हती. नागनाथराव नकाशा धरून बसत आणि पुढचं वळण आधीच सांगत. वाटेत घरगाड्यांच्या मुक्कामाची जी जी मैदानं लागली तिथे ते थांबून विचारत. अंबड कधी गेली हे सांगायला कुणालाच अवघड जात नव्हतं, कारण दुप्पट थंडी भरलेली ती गाडी जिथे उभी राहिली होती तिथे ती थोडी सांडलेली होती. एका मैदानावर अंबडच्या मुक्कामाच्या जागेवर अजून गवत पांढरं होतं. एका चहावाल्याने तीन दिवसांपूर्वी बांधलेला मफलर सोडला नव्हता. पुढच्या गावात तो दोन दिवसांचा झाला, मग एकाचा. प्रत्येक वेळी बाई गाडीत चढून म्हणत, "जवळ आलो," आणि खरोखरच ते जवळ आलेले असत. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर धुकं बसलेलं दिसलं, तेव्हा नागनाथराव सीटवर उभे राहिले आणि त्यांचं डोकं टपाला आपटलं. त्यांना ते लागलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला तापीच्या काठावरच्या मैदानात एक निळी घरगाडी दिसली. तिच्या आजूबाजूच्या बाभळींवर दव होतं आणि गाडीच्या मागच्या दारातून वाफ निघत होती. पायरीवर एक नवरा-बायको एकाच गोधडीत बसून चहा पीत होते. ते कौतिकराव आणि गयाबाई जिगे होते. कौतिकराव अंबडच्या एका जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं मुकादम होते. आपल्या गाडीत दोन तालुक्यांची थंडी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. यंदा जरा कडक दिली आहे, एवढंच त्यांना वाटलं होतं.

कागद पाहिल्यावर कौतिकरावांनी लगेच संमती दिली. ऊन लागू नये म्हणून दोन्ही गाड्यांची मागची दारं बाभळींच्या सावलीत एकमेकांना भिडवली. पहाटा एकेक करून सरकू लागल्या. पहाट सरकली की नागनाथरावांच्या चष्म्याची काच पांढरी होई. ते ती पुसत आणि कागदावर रेघ मारत. सुधामतीबाई त्यांच्याशेजारी कानटोपी घालून उभ्या होत्या आणि प्रत्येक रेघेला त्यांचं मन भरून येत होतं. बहात्तर रेघा झाल्या. त्र्याहत्तरावी, म्हणजे चौसाळकरांची स्वतःची, सरकायच्या आत गयाबाईंनी आपलं दार लावून घेतलं.

कौतिकराव हे पाहून गोंधळले. गयाबाईंनी त्यांना नदीवरून पाणी आणायला पाठवलं आणि ते लांब जाईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

"ताई, ही एक ठेवू द्या," मग त्या म्हणाल्या. "आमची आम्ही पहिल्याच मुक्कामाला उघडून बसलो. आम्हाला काय ठाऊक."

सुधामतीबाईंनी कारण विचारलं.

"हे घरात बोलत नाहीत. नोकरी सुटल्यापासून तर पेपर आणि झोप. ह्या थंडीने गोधडीत जवळ बसायला लागलं, तर आठ दिवसांपासून बोलायलेत. लग्नाच्या आधी बदनापूरच्या बाजारात मला पाहिलं होतं म्हणे. हिरव्या बांगड्या घेत होते मी. बेचाळीस वर्षं झाली, आणि आता सांगायलेत." त्यांनी दारावरचा हात काढला नाही. "अर्ध्या थंडीत ते पुन्हा गप्प झाले तर एखादी जवळ असावी."

सुधामतीबाईंनी रेघांचा कागद हातात घेतला. बहात्तर पहाटा लोकांच्या होत्या. त्यांतली अर्धीसुद्धा त्यांना देता आली नसती. ही एक मात्र त्यांची होती आणि सहा वर्षं त्यांनी तिची वाट पाहिली होती. वैशाखातली ती बंद खोली, ती शाल, सगळं त्यांनी कितीतरी वेळा मनात मांडून पाहिलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नागनाथराव चष्मा पुसत होते, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

"ठेवा," बाई म्हणाल्या. "पण तशी नोंद करून घेऊ."

नोंद झाली. कौतिकराव पाणी घेऊन आल्यावर चौघांनी सह्या केल्या. आपण कशावर सही करतो आहोत हे कौतिकरावांनी विचारलं नाही. ते गयाबाईंना नदीत किती मासे दिसले ते सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून चौसाळकरांची गाडी ताशी चाळीसने निघाली. पलंगावर पहाटा असल्यामुळे त्यांना मुक्कामाला बाहेर तंबू ठोकावा लागला, आणि पुढच्या सीटवरही दोघांचे दात वाजत होते, पण ते दोघे खुशीत होते. कन्नडचा घाट चढताना मागून ट्रकवाले हॉर्न मारत. बाई हात बाहेर काढून त्यांना पुढे जायची खूण करत, आणि बाजूने जाताना प्रत्येक ड्रायव्हर खिडकीची काच वर करून घेई. नागनाथराव मात्र तापीपासून फारसे बोलले नव्हते. शेवटी घाटमाथ्यावर बाईंनी गाडी बाजूला घेतली आणि आपण न विचारता दिली म्हणून राग आला का, असं सरळ विचारलं.

"नाही," नागनाथराव म्हणाले. "मी गावाला थंडी कुठून सोडायची ते बघत होतो. आपल्याला बोलायला थंडी कुठे लागते?"

सातव्या दिवशी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना गाडी अंबाजोगाईला मुकुंदराजाच्या डोंगरावर पोचली. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. गावात अजून पंखे चालू होते. बाईंनी गाडी झाडाच्या सावलीत लावली आणि ओली पोती टाकून झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नागनाथरावांनी मागचं दार उघडलं. पूर्ण नाही, चार बोटं. सगळी एकदम सोडली तर ती गावातच राहते आणि टोकाच्या खेड्यांना मिळत नाही, असं त्यांचं मत होतं. कालव्यावर त्यांनी तेच पाहिलं होतं. म्हणून आधी बर्दापूरच्या बाजूला, मग घाटनांदूरला, मग लोखंडी सावरगावकडे, असं गाडीचं तोंड फिरवत त्यांनी पहिली पहाट सोडली. बाकीच्या पहाटा डोंगरावरून जिच्या तिच्या दिवशी सोडायच्या होत्या. पांढरट पदर उतारावरून खाली सरकला. सुधामतीबाई दगडावर चढून पाहू लागल्या. आधी देवळाजवळच्या एका पंख्याची घरघर थांबली. मग एका परसात बंब पेटला आणि धूर सरळ वर गेला. मग दुसऱ्या, मग इतक्या परसांत, की त्यांनी मोजायचं सोडून दिलं. खालून कुठल्या तरी न्हाणीघरातून पहिल्या तांब्याला माणसं ओरडतात तसा आवाज आला. बाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

सूर्य वर आल्यावर ते तहसील कार्यालयात गेले. सुट्टी होती, पण थंडी ताब्यात घेण्यासाठी त्या दिवशी एक लिपिक बसवलेले असतात. आवाड नावाचे ते गृहस्थ उटण्याच्या वासासकट बसले होते. त्यांनी कागद तपासले, वाटणीची नोंद वाचली, आणि प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय पोच देता येत नाही असं सांगितलं. मग त्यांनी खिडकी उघडून हात बाहेर धरला. बराच वेळ धरला. खिडकी लावून ते कपाटाकडे गेले, तिथून स्वेटर काढून घातला आणि बटणं लावून पुन्हा खुर्चीवर बसले.

"मिळाली," असं लिहून त्यांनी खाली सही केली. सही थरथरलेली होती, पण ती ग्राह्य धरण्यात आली.