देखरेखीखालचे धावणे

रतिलालभाई पाटील, राहणार तापीकाठ, तालुका शहादे, धंदा शेती, यांचे वजन सन एकोणीसशे सत्तावन्नच्या दिवाळीनंतर दोन मण अडतीस शेर भरले. ही नोंद सरकारी नाही. ती जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर झाली, कारण माणूस तोलायचा काटा शहाद्याच्या दवाखान्यात एकच होता आणि रतिलालभाई त्याच्यावर उभे राहिल्यापासून तो हलायचा बंद झाला होता. जिनिंगच्या तोलाऱ्याने सवयीने गोणीचा कडता म्हणून दोन शेर वजा केले. कापूस विकताना या कडत्यावरून रतिलालभाई दर वर्षी तासभर भांडत. या वेळी मात्र त्यांनी तो निमूट मान्य केला.

मी त्या सजाचा तलाठी होतो. गावात काय पिकते, ते कोण पिकवते आणि कागदावर कोण पिकवते, हे तिन्ही ठाऊक असणे ही माझी नोकरी होती. रतिलालभाईंच्या ओसरीवर माझा सकाळचा चहा असे, म्हणून पुढचा सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. काही प्रकार माझ्याच हातून झाला, तेही सांगून टाकतो.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि एका कागदावर लिहून दिले. एकदम काही करायचे नाही, सगळे हळूहळू. पहिल्या पंधरवड्यात मळ्यात छकड्याने न जाता पायी जावे. तूप निम्म्यावर आणावे. दुसऱ्या पंधरवड्यात बट्टी बंद, बाजरीची भाकर दोन. शिवाय रोज सकाळी थोडे धावावे, आधी शंभर पावले, मग दोनशे, आणि महिन्या-महिन्याने वाढवत जावे. कागद देताना ते म्हणाले की, असेच चालू राहिले तर पुढची आखाजी दिसेल असे मी लिहून देऊ शकत नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपासून सहा महिने.

जसोदाबाई, रतिलालभाईंच्या पत्नी, तो कागद हातात धरून बसल्या. त्यांना वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवू लागलो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. “माले कागद नही समजस, आप्पा,” त्या म्हणाल्या. “माले ह्या जित्ता पायजेत.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. रतिलालभाईंनीही त्या दिवशी खरोखर मनावर घेतले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी सूर्य उगवताना ते धोतराचा काचा मारून धावले. आमच्या गावात त्या काळी मोठा माणूस विनाकारण धावत नसे. धावायची कारणे ठरलेली होती: कापसाला आग, तापीला पूर, नाहीतर मयत. त्यामुळे रतिलालभाईंनी चाळीस पावले टाकली असतील नसतील, तोच त्यांच्यामागे बादल्या घेऊन तीसेक माणसे धावू लागली. मागच्याने पुढच्याला विचारले, कोण गेले? पुढच्याला दम लागला होता. तो एवढेच म्हणू शकला, “रतिलालभाई.” हे उत्तर सकाळच्या मोटारीने रनाळ्याला त्यांच्या सासुरवाडीस पोहोचले, आणि दुपारी दोन गाड्या भरून पाहुणे रडत दारात उतरले.

पाहुणे आले म्हणजे त्यांना जेवू घातलेच पाहिजे. दालबट्टी झाली. बट्टी तुपात बुडवून खायची असते, आणि आपल्याच मयताला आलेल्या लोकांना वाढून आपण बाजरीची भाकर मोडत बसणे बरे दिसले नसते. रतिलालभाई पाहुण्यांच्या पंगतीला बसले. संध्याकाळी त्यांनी मला सांगितले की धावणे प्रकृतीला चांगले असेल, पण इज्जतीला चांगले नाही.

आता पुढचे समजायला तेव्हाचा काळ ध्यानात घ्यावा लागेल. त्याच वर्षी एक एप्रिलला कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हायची होती. त्यामुळे त्याआधीची दोन वर्षे तालुक्यातला प्रत्येक जमीनवाला जमीन आपण स्वतः कसतो असे सांगू लागला होता. आयुष्यात ज्यांनी कधी तिफन धरली नाही तेही सांगत. कायद्यात याला जागा होती. स्वतः कसणे म्हणजे आपल्या अंगमेहनतीने कसणे, किंवा मजुरीच्या गड्याकडून आपल्या देखरेखीखाली कसून घेणे. रतिलालभाईंनी मामलेदारापुढे शपथेवर तसे सांगितले होते, आणि पीकपाहणीत ‘स्वतः’ हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला होता.

रतिलालभाई चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, “तलाठी आप्पा, मन्हं वावर कोन कसस?”

मी म्हणालो, तुम्हीच.

“आनी वाहरू काय करस?”

मी म्हणालो, तो तुमच्या देखरेखीखाली राबतो.

“मंग वाहरूनं कसनं जर मन्हं कसनं शे, ते वाहरूनं पयनं मन्हं पयनं का नही?”

पयनं म्हणजे धावणे. याचे उत्तर मला सुचले होते, पण ते दिले असते तर त्यांच्या साठ एकरांच्या नोंदीला हात घालावा लागला असता. मी म्हणालो की कायद्याने त्यात अडचण दिसत नाही.

वाहरू हा त्यांचा सालदार. सातपुड्यातला, धडगावच्याही वरचा पावरा आदिवासी. सालदार आखाजीला धरतात आणि पुढच्या आखाजीला सोडतात. मधल्या वर्षात मालक सांगेल ते काम, असा करार असतो. कामांची यादी कोणी करत नाही. वाहरू अंगाने तुरीच्या काटकीइतका. त्याच्या अंगावरून उतरवायला काही शिल्लक आहे असे पाहून वाटत नसे. रतिलालभाईंनी त्याला जिनिंगच्या काट्यावर तोलून घेतले, बांधावर उभे केले आणि आजपासून धावायचे म्हणून सांगितले.

वाहरूने काम नीट समजून घेतले. “कोना मांगे पयू, मालक?”

“कोनाच मांगे नही. नुसता पय.”

वाहरूने थोडा विचार केला. “मंग थांबू कव्हय?”

याचे उत्तर डॉक्टरांच्या कागदात होते. आधी शंभर पावले, मग दोनशे, सगळे हळूहळू. रतिलालभाईंनी कागदातले एक अक्षर मोडले नाही. बांधावरच्या निंबाखाली त्यांनी बाज टाकून घेतली आणि रोज पहाटे तिच्यावर बसून, पुढे आडवे होऊन, देखरेख सुरू केली. मळ्यात पायी जायचे कलमही वाहरूकडे गेले. रतिलालभाई छकड्यात बसत आणि वाहरू छकड्यामागून चालत येई, म्हणजे डॉक्टरांचे तेही पाळले जाई.

देखरेखीने भूक फार लागते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून न्याहारी बांधावरच येऊ लागली. आणि कागदात तूप निम्मे, भाकरी दोन असे लिहिले असल्यामुळे वाहरूच्या चार भाकरींच्या दोन झाल्या. त्याच्या जेवणात तूप मुळातच नव्हते, ते निम्मे कसे करायचे हा प्रश्न माझ्यापर्यंत आला. मी सांगितले की नसलेल्या वस्तूची कपात झाली असे धरून चालावे. जसोदाबाईंनी हे ऐकले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि त्या दिवसापासून मला चहात साखर कमी येऊ लागली. वाहरूच्या दोन भाकरींच्या मध्ये मात्र त्या मागल्या दारी तुपाचा गोळा दडवून देत.

पौष संपेपर्यंत गावात तेवीस बाजा झाल्या. प्रतिष्ठित माणसाला धावण्यावाचून राहणे कठीण झाले होते. तेवीस सालदार तापीच्या बाजूने धावत आणि तेवीस मालक निंबाखाली आडवे पडून कोण किती धावला याचे वाद घालत. एक जण म्हणे, मी आज प्रकाशा गावच्या घाटापर्यंत गेलो. दुसरा म्हणे, मला पायात गोळा आला म्हणून मी अर्ध्यातून फिरलो. गोळा आलेला सालदार शेजारी पाय चोळत बसलेला असे. विकास खात्याचे एक साहेब जीपमधून पाहून गेले आणि गावात आरोग्याची जागृती झाल्याचा शेरा लिहून गेले. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले की, शिपायाकडून धावून घेतले तर चालते का.

माघात रतिलालभाई पुन्हा जिनिंगच्या काट्यावर चढले. तीन मण चार शेर. वाहरू चढला, तो सहा शेरांनी उतरला होता. रतिलालभाईंना दोन्ही आकडे ऐकून समाधान वाटले. त्यांनी सहा शेर आपल्या खाती धरले आणि वाढलेले सहा देखरेखीचे म्हणून सोडून दिले.

फाल्गुनातल्या एका सकाळी वाहरू नदीकडून परत येत होता आणि रतिलालभाई बाजेवर उठून बसले होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि बाजेवरच एका कुशीला कलंडले. चेहरा राखेसारखा झाला. मी तिथे होतो. बावीस मालक तिथे होते. सगळे घाबरून उभे राहिलो आणि तसेच उभे राहिलो, कारण आमच्यापैकी कोणाला धावायचे कसे ते माहीत नव्हते. वाहरूने मालकाकडे एकदा पाहिले, वळला आणि शहाद्याच्या रस्त्याला लागला. सात मैल. छकड्याला तीन तास लागत. वाहरू सव्वा तासात दवाखान्याच्या पायरीवर पोहोचला आणि सरकारी जीपमध्ये डॉक्टरांच्या पायाशी बसून परत आला.

डॉक्टरांनी सुई दिली. दुपारपर्यंत रतिलालभाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. अर्धा तास उशीर झाला असता तर मी येऊन काही उपयोग नव्हता, असे डॉक्टर म्हणाले. जसोदाबाई खांबाला धरून रडत होत्या. रतिलालभाईंनी डोळे उघडले आणि पहिले वाक्य माझ्याशी बोलले. “देखा आप्पा, मन्हं पयनं कामले उनं.”

डॉक्टरांना हा सगळा हिशेब माहीत नव्हता. मी सांगितला, कायद्यासकट सांगितला. त्यांनी नळी गुंडाळून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, “पाटील, तुमच्या छातीला कायदा वाचता येत नाही. यापुढे तुम्ही स्वतः हललात तरच आखाजी दिसेल.” आणि जीपमध्ये बसून गेले.

जसोदाबाईंनी त्याच संध्याकाळी वाहरूला ओसरीवर बोलावून चार भाकरी वाढल्या, उघड, सगळ्यांदेखत. वाहरू शांतपणे जेवला. हात धुऊन त्याने सांगितले की उद्यापासून तो धावणार नाही, कामावरून काढले तरी चालेल. रतिलालभाईंनी कराराची आठवण करून दिली. वाहरू म्हणाला, “मालक, आते तुम्ही पया. मी बसीसन देखस.”

दुसऱ्या दिवशी तसेच झाले, कारण जसोदाबाई दारात लाटणे घेऊन उभ्या होत्या. वाहरू बाजेच्या कडेवर संकोचून टेकला आणि रतिलालभाई बांधावरून वीस पावले चालले. तिसऱ्या दिवशी तीस. चौथ्या दिवशी त्यातली दहा धावले, आणि कोणी बादली घेऊन आले नाही.

त्याऐवजी अर्ज आला. सालदाराने बाजेवर बसावे आणि मालकाने त्याच्यासमोर धावावे, याने गावाची शिस्त बिघडते, इतर सालदारांना वाईट वळण लागते, तरी सरकारने बंदोबस्त करावा. खाली बावीस सह्या होत्या. तीन महिने अर्ध्या पोटाचा माणूस भरल्या पोटाच्या माणसासाठी धावत होता तेव्हा माझ्याकडे एकही अर्ज आला नव्हता. अर्ज नियमात होता. मी तो वाचून दाखवला, आणि रतिलालभाईंनी मान खाली घातली.

वाट जसोदाबाईंनीच काढली. घरामागे कापसाची मोठी खोली होती, ती फाल्गुनात रिकामी झाली होती. पहाटे रतिलालभाई आत जात, जसोदाबाई बाहेरून कडी घालत, आणि आत ते भिंतीकडेने फेऱ्या मारत. लोकांसाठी वाहरू रीतसर नदीकडे धावत निघे. पहिल्या बाभळीपर्यंत जाऊन तो तिच्याखाली झोपे आणि वेळ झाली की परत येई. बट्टी सुटली, तूप निम्मे झाले, आणि आता ते खरोखरच्या तुपाचे निम्मे होते. रतिलालभाईंनी आखाजी पाहिली. त्यानंतर आणखी आठ पाहिल्या, आणि तेवढ्या काळात त्यांचे वजन दोन मण तीन शेरांवर आले.

गावाने हे पाहिले आणि गावाची खात्री पटली. सालदार धावला की मालक उतरतो, हे आता काट्यावर सिद्ध झाले होते. बाकीच्या बावीस बाजा तशाच चालू राहिल्या. त्या मालकांची वजने वाढत होती, आणि ते माझ्याकडे येऊन विचारत की आमच्याच बाबतीत गुण का येत नाही. खोलीचे मला माहीत होते. पण ते सांगितले असते तर जमिनीच्या पाहणीतल्या ‘स्वतः’ या शब्दाविषयीही कोणी तरी विचारले असते. मी म्हणे, तुमची देखरेख कमी पडत असेल.

हे लिहून झाल्यावर मी एका ओळखीच्या सद्गृहस्थांना वाचायला दिले. ते आरामखुर्चीत पाय वर घेऊन पोट धरून हसले. कुठे हसलात म्हणून मी विचारले. म्हणाले, वाहरूच्या चार भाकरींच्या दोन होतात तिथे. तुम्हीही कुठे हसलात ते आठवून पाहा. तिथेच हसला असाल, तर निंबाखाली चोविसावी बाज टाकायला जागा आहे.