मधला गडी काढणारा शौकत

शौकत एसटीत चढण्याआधी कंडक्टरला विचारतो, गाडी मध्ये किती ठिकाणी थांबणार. उत्तर दोनाच्या वर गेलं की खाली उतरतो आणि पुढच्या गाडीची तासभर वाट बघतो. यात वेळ वाचतो, असं त्याचं ठाम मत आहे.

बारामतीत आम्ही एकाच ऑफिसात प्रोग्रॅम लिहितो. आमची अॅप्स कंटेनरमध्ये चालतात, म्हणजे प्रत्येकाचा आपापला बंद डबा. डब्याकडे निघालेला निरोप आधी सर्व्हरच्या कर्नलमधून, म्हणजे सगळं मशीन सांभाळणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधून जातो, तिथं तपासला जातो, रांगेत थांबतो. साऱ्या जगाला हे चालतं. शौकतला नाही. "मधला गडी काढा राव, त्याचं काय काम हाय?" कर्नलचा नेटवर्क स्टॅक, म्हणजे निरोपांची ने-आण करणारी यंत्रणा, बाजूला सारून त्यानं डब्यातच दुसरा बसवायला घेतला. त्यापायी दोनदा सर्व्हर झोपवला आणि साहेबांची बोलणी खाल्ली. मिलिसेकंदांनी कुणाचं पोट भरत नाही, असं मीही त्याला ऐकवलं.

कारण कळलं ते भिगवणला त्याच्या घरी गेल्यावर. त्याचे अब्बा मासळीच्या लिलावातले जुने व्यापारी. अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून खाटेवर. शौकतनं त्यांच्यासाठी अॅप केलं होतं, ते आमच्याच सर्व्हरवर चालायचं. लिलावाचा आवाज घरात, अब्बांची बोली बाजारात. पण बाहेरगावचे व्यापारीही ते वापरू लागले होते; सगळे एकदम अॅपवर आले की आवाज रेंगाळायचा, आणि बोली पोचेपर्यंत माल दुसऱ्याचा झालेला असायचा. महिनाभरात एकही टोपली अब्बांच्या नावावर लागली नव्हती. आताशा ते फोन हातात घ्यायलाच नको म्हणत.

मी तिथं होतो त्याच सकाळी नवा स्टॅक चालू झाला. मरळीची टोपली पुकारली गेली, आवाज अगदी लख्ख. अब्बांनी तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला, अडला, पुन्हा निघाला. तोवर टोपली गेली.

शौकत स्क्रीनवरचे आकडे बघत राहिला. आकडे उत्तम होते. उशीर अब्बांच्या जिभेला होत होता, आणि तिथं त्याचा कुठलाच स्टॅक चालणार नव्हता. मला त्याच्याकडे बघवेना.

मग त्यानं लिलाव पुकारणाऱ्या तात्यांना फोन लावला. "तात्या, अब्बा बोली लावत्यात. जीभ जड हाय त्यांची. जरा थांबता का?"

तिकडचा गलका ऐकू आला, मग तात्यांचा आवाज. "गप बसा रं समदी. चाचांना बोलू द्या."

पुढची टोपली पुकारली, पण कुणी बोली न लावता तशीच राहिली. अब्बांना शब्द सापडेपर्यंत बाजार उभा होता, आणि शौकत त्यांचा हात धरून निवांत बसला होता.

"घेतली," अब्बा म्हणाले.