धोंडिबाकाकांचे देवमासे

आमच्या गारखेड्याच्या गल्लीत देवमासा पाहिल्याचं सांगणारा माणूस एकच, धोंडिबाकाका. आणि ते जालन्याच्या पुढं कधी गेले नव्हते.

"ऊन लई लख्ख," ते सुरू करत. "मोठं जहाज उभं. आन् आमी खाली, येका मानसापुरत्या होडीत. वल्हं येकच, दोन्ही टोकांना पातं."

उभा जन्म मेंढरांमागं गेलेला, म्हातारपणी चिकलठाण्याच्या कारखान्यात वॉचमन. त्यामुळे देवमाशांचाही ते कळपच करत. "म्होरं म्हातारी मादी. ती वळली की समदे वळत्यात." कुणी हसलं की म्हणत, "तुमी खुर्चीवरची मानसं. तुमाला काय ठावं?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत संचारबंदी लागली. आम्ही दारं लावून बसलो, तर काका भर दुपारी अंगणात बाज उलटी टाकून तिच्यात बसलेले, हातात वेळू. पोलीस गाडीतून उतरला. "क्या चल रहा है, चाचा?"

"देवमासा बघतोय, सायेब. हळू बोला."

पोलीस हसत निघून गेला. मला हसू आलं नाही, कारण तो देवमाशांचा दिवस काकांचा नव्हताच, हे मला ठाऊक होतं.

तो होता सोपानचा, त्यांच्या एकुलत्या मुलाचा. दंगलीच्या बरंच आधी नामांतराच्या मोर्चात मित्रांबरोबर गेला म्हणून काकांनी त्याला घराबाहेर काढलं. पोरगं परदेशी प्रवासी जहाजावर भांडी घासायला लागलं. तिथून एकच पत्र आलं. सुट्टीच्या दिवशी प्रवाशांसारखी त्यालाही होडी मिळाली आणि त्यानं देवमासे पाहिले, एवढंच त्यात होतं. काकांना वाचता येत नाही. मी ते इतक्यांदा वाचून दाखवलं की पत्रातला 'मी' हळूहळू काकाच झाले.

पुढं बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं. काका कोरा कागद घेऊन आले.

"लिवा, भाऊ. नाव लागलं म्हनावं. तुझंच खरं व्हतं. बाप चुकला. आता ये."

मी लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला. "पत्ता तुमी टाका," म्हणाले, आणि हलक्या पावलांनी घरी गेले.

सोपानच्या पत्रावर पत्ता कधीच नव्हता. हे सांगायची माझी छाती झाली नाही. काकांचं पत्र अजून माझ्या कपाटातच आहे. काका रोज दारात येतात, "आलं का काय?" मी नाही म्हणून मान हलवतो.

"लांब हाय समुद्र," ते माझीच समजूत घालतात. "लागंल येळ. तुमी जिवाला लावून घेऊ नका."