कुंकवांतून बारशाची कॅसेट सोडविली त्याची हकीकत

श्रीकुळस्वामिनी प्रसन्न. गेलेलें फिरोन दाखविण्याची जिची सत्ता, तीस नमन करोन वर्तमान लिहिलें ऐसीजे. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, कार्तिकमासीं, तिसऱ्या मजल्यावरील राज्यांत थोरले महाराज मनोहरराव यांणीं सून ऋजुताराणीसाहेबांस हांक मारिली आणि बोलिले, "सूनबाई, हिचा चेहरा फोटोत आहे गं, पण आवाज आठवेनासा झालाय." ही म्हणजे महाराजांच्या पत्नी कुमुदिनीबाईसाहेब. त्यांस कैलासवासी होवोन आठ वर्षें जाहलीं होतीं. त्यांचा आवाज अवघ्या दौलतींत एकेच ठिकाणीं उरला होता, तो महाराजांचे पुत्र, राणीसाहेबांचे यजमान, युवराज यांच्या बारशाच्या व्हिडिओ कॅसेटींत, आणि प्रत ती एकच.

राणीसाहेब मूळच्या सावध. दहा महिन्यांच्या राजकन्येस पेज भरविणें तरी चमचा तीनदां मनगटास लावोन पाहत. त्यांणीं कॅसेट दुपट्यांत गुंडाळिली आणि राजकन्येस कडेवर घेवोन, जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवोन देणारे शौकतभाई यांचे दुकानीं स्वारी केली. शौकतभाईंनीं कॅसेटीचें झांकण उचलिलें, तों आंत तांबडें लाल. "ताई, हे काय? कुंकू?" मग राणीसाहेबांस उलगडा जाहला कीं, महाराज दर खंडेनवमीस कॅमेरा, व्हीसीआर आणि ही कॅसेट पाटावर मांडोन मूठ मूठ हळदकुंकू वाहत. ऐसीं तेहेतीस वर्षें. "एवढ्या भक्तीनं मशीन मरतं, ताई! अशीच चालवली तर टेप चिरेल. उघडायला मी धजत नाही, एकुलती एक आहे म्हणता. रीत सांगतो, घरी सावकाश करा, मग उतरवून द्यायचं माझ्याकडे लागलं."

राणीसाहेब माघारां आल्या आणि महाराजांस सर्व निवेदन केलें. महाराज कोपले. "वाहिलेलं कुंकू झटकायचं? आठ वर्षं तिच्याच नावानं वाहत होतो मी!"

"बाबा, कुंकू डबीत काढून देव्हाऱ्यात ठेवते. पण आईंच्या गळ्याशी बसलंय ते. गळा मोकळा नको करायला?"

महाराज उठले आणि आपणच विजेरी धरोन बसले. मग शौकतभाईंचे रीतीप्रमाणें रिळें बसवावयास दुसरें स्वच्छ कवच, म्हणजे कॅसेटीची प्लास्टिकची पेटी, हवें म्हणोन राणीसाहेबीं नणंदेच्या लग्नाची कॅसेट फोडिली. तें ऐकोन नणंदबाई फोनवर कडाडल्या, "माझंच लग्न सापडलं का गं तुला?" "वन्सं, तुमच्या लग्नाच्या चार प्रती आहेत. एक गेली म्हणून घटस्फोट नाही होत!" मग बारशाच्या कॅसेटीचे पांच स्क्रू निघाले, पैकी एक राजकन्येच्या मुखीं जाऊं पाहे, तो झडप घालोन सोडविला. आणि श्वास रोखोन, राणीसाहेबीं राजकन्येच्या जावळाच्या मऊ ब्रशानें रिळांच्या कडांवरील कुंकू कण कण टिपिलें, आणि फीत बोटास न लागों देतां रिळें नव्या कवचांत बसविलीं. ऐसे दोन प्रहर लढाई जाहली. दुसरे दिवशीं शौकतभाईंनीं कॅसेट चालविली, ती चालली, आणि पेनड्राइव्ह घरीं आला.

मग टीव्हीपुढें दरबार भरला. पाऊण तास आत्याबाई पाळणा गात आहेत, चुलते घुगऱ्या खात आहेत. बाईसाहेब येतात, हंसतात, ताटें उचलोन आंत जातात, बोलत कांहींच नाहींत. राणीसाहेबीं रिमोट घेवोन आवाज वाढविला, कीं एवढें करोन बाईसाहेबांचा आवाज नाहींच कीं काय. तों शेवटीं बाईसाहेब पदरास हात पुसत थेट कॅमेऱ्यासमोर आल्या आणि कॅमेरा धरिलेल्या महाराजांस बोलिल्या, "अहो, पुरे झालं ते शूटिंग. सगळे जेवले, तुम्हीच राहिलात. पान वाढलंय, या."

"आलो, आलो," म्हणोन महाराज सोफ्यावरोन उठले, आणि दोन पावलें स्वयंपाकघराकडे गेले, आणि मग उभेच राहिले.

राणीसाहेब आंत गेल्या आणि पान वाढिलें.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली, आवाज हातीं आला, प्रती चार ठिकाणीं ठेविल्या. महाराज पोटभर जेविले. घडलें इतुकेंच, तें लिहिलें.