तळ्याची सोपी वाट

चंद्रभानच्या मते तळ्याचा रस्ता इतका सोपा होता की डोळे मिटूनही गाडी न्यावी. तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर तो ठेकेदाराची जीप चालवायचा आणि या रविवारी ती घरच्यांसाठी मागून आणली होती. मागच्या बाकावर बायको सोजरा आणि नगरहून आलेल्या सासूबाई, गोजराबाई. "ह्या रानात जावयाला कुत्रं तरी वळखतं का? उद्याच्या गाडीनं लेकीला घेऊन जाते," असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सागाची सावली, तळं, काठावरची बाकडी, फिरायला नाव. हे पाहून त्या विरघळतील, अशी त्याची पक्की खात्री होती.

उमरोळी मागे टाकून जीप रानात शिरली. रस्ता खरंच सुरेख होता. मग एका पाड्याशी त्याला फाटा फुटला आणि एका सोप्या रस्त्याचे दोन सोपे रस्ते झाले.

"विचारा की कुणाला," सोजरा म्हणाली.

विहिरीवर चार बायका होत्या. चंद्रभानने हॉर्न वाजवला. बायकांनी वर पाहिलं, हंडे तिथेच टाकले आणि झाडीत पसार झाल्या. त्याने ऐटीत जीप डावीकडे वळवली. पुढच्या पाड्यात ओट्यावर बसलेले पुरुष मागच्या दाराने गेले. चुलीवर भाकरी तशीच. त्याच्या पुढे म्हशीवर बसलेला एक गडी म्हशीसकट डोहात उतरला. आता रस्ता संपून बैलगाडीची चाकोरी लागली होती. सासूबाई उद्याची कशाला, आजचीच गाडी धरतील, या विचाराने चंद्रभानला घाम फुटला.

अखेर आंब्याखाली ठकी नावाची म्हातारी सापडली. जीप घरघरत ठेवून तो आणि सोजरा उतरले; गोजराबाई आतूनच बघत राहिल्या, इंजिनापुढे त्यांना बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हातारीने मुकाट्याने दंड पुढे केला.

"टोच बाबा. गुडघं दुखतान, मला पळवत नाय."

"काय टोचू?"

"देवीची सुई. जीप आली का सुयाच येतात. मागल्या साली सुई टोचली न् अक्खा पाडा तापानं पडला."

"आजी, मी सुईवाला नाय. तळं कुठं हाय?"

"तला मागं राहिला." तिने पदर सावरला. "मला बसव, दावते. जीपमधी कोन फिरवत नाय आमाला."

तळ्यावर पोचताच ठकी नावेत जाऊन बसली. गोजराबाईंनी मात्र पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चंद्रभान हातात शिदोरीतलं धपाटं धरून निकालाची वाट बघत राहिला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि आज प्रथमच त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "आमच्याकडं फौजदार आला तरी माणसं बिडी इझवत न्हाईत. तुमची नुसती मोटार दिसली तर गावं रिकामी झाली. ती म्हातारी तर हात पुढं करून गयावया करीत हुती. एवढा दरारा, आन् तुमी बोलला न्हाईत कधी."

चंद्रभानने तोंड उघडलं. सोजराने त्याच्या पायावर पाय दिला. त्याने तोंडात धपाटं घातलं.

"पोर ऱ्हाऊ द्या हितंच," गोजराबाई समाधानाने म्हणाल्या. "मी बी ऱ्हाते दिवाळीपत्तोर. येत्या रविवारी मला बोईसरच्या बाजारात न्या. लई गर्दी असती म्हणं तिथं. तुमी आलात की मोकळं हुईल."