चनमल्लप्पाची चौकशी

सगळं मी ठरवलं होतं, आणि मी ठरवलेलं सहसा चुकत नाही! निदान त्या गुरुवारी सकाळपर्यंत तरी चुकलं नव्हतं.

माझा धाकटा दीर चनमल्लप्पा कॉलेजच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. हात इतके लांब, की शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात त्याने आळस दिला की आम्ही आधी दिव्याची काच सांभाळतो. कॉलेजातलं त्याचं हे शेवटचं वर्ष. यंदाचा अंतिम सामना चांगला गेला तर विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची होती. नाहीतर थोरल्या भावाच्या दुकानात जन्मभर चादरींच्या घड्या.

अडचण चेंडूची नव्हती, नियमांची होती. चनमल्लप्पा कॉलेजात गेला तेव्हा नापास मुलांनाही खेळता यायचं, म्हणून तो अगदी निवांत नापास झाला. लगेच नियम आला, मागची परीक्षा पास हवी. मग मी एका हाताने पाळण्याची दोरी ओढत त्याला अर्थशास्त्र शिकवलं. तो पास झाला, आणि आमची बाळी मागणी-पुरवठा ऐकल्याशिवाय झोपेनाशी झाली. यंदा तिसरा नियम निघाला. नोकरीधंदा करणाऱ्याला खेळता येणार नाही, खेळाडू पूर्ण वेळ विद्यार्थीच हवा.

चनमल्लप्पा दुपारचा दुकानात बसतो खरा, पण ते घरचं काम, बिनपगारी. तरी समोरच्या कॉलेजाने तक्रार केलीच. विद्यापीठाकडून कुणीतरी घरी चौकशीला येईल, असा त्याच्या सरांचा निरोप आला. येऊ द्या की, मी बघते, असं मी म्हटलं. बोलायचं ते पाठसुद्धा करून ठेवलं.

फक्त अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, यातलं काही सांगितलं नाही. सांगणार कसं? दोन वर्षांमागे चेंडू अडवताना त्याचं बोट मोडलं, तेव्हा अव्वांनी हातात विभूती देऊन त्याला फुटबॉल सोडायची शपथ घ्यायला लावली होती. तेव्हापासून त्यांच्या लेखी तो रोज सकाळी लायब्ररीत जातो, आणि तिथली फरशी फार घसरडी असल्यामुळे गुडघे फोडून घेऊन येतो.

गुरुवारी पहाटे बाळीला ताप भरला. आमचे हे मालाच्या खरेदीला गावाला गेलेले. तिचं तापलेलं एवढंसं डोकं मानेशी आलं, आणि चौकशी, नियम, फुटबॉल सगळं माझ्या मनातून पुसून गेलं. मी पोरीला घेऊन दवाखाना गाठला.

मागे घरी एक गृहस्थ आले. अंगात कोट, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. चनमल्लप्पांची जरा चौकशी करायची आहे, असं ते कन्नडमध्ये म्हणाले. त्या आठवड्यात श्रीपूरहून चनमल्लप्पासाठी एक स्थळ यायचं होतं. विभूती आणि कन्नड म्हटल्यावर अव्वांना आणखी काय पुरावा हवा? "बर्री, बर्री," म्हणजे या, या, म्हणत त्यांनी पाहुण्यांना सोप्यात नवी चादर अंथरून बसवलं आणि चुरमुऱ्यांचा सुसला करायला घेतला.

डॉक्टरांनी घाबरायचं कारण नाही म्हटलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी परतले, तर पायरीवर टोपीवाले दुसरेच एक गृहस्थ वहाणा काढत होते. चनमल्लप्पाचं घर हेच का, पोरगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. मला एकदम चौकशी आठवली, आणि पाठ केलेलं सगळं मी एका दमात म्हणून टाकलं. काही करत नाही. एक पैसा कमवत नाही. दुकानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. खेळतो आणि जेवतो, एवढंच. अगदी लहान आहे हो!

गृहस्थांनी काढलेल्या वहाणा परत पायात घातल्या.

"बरं झालं बाई, खरं सांगितलं," ते म्हणाले. "आमी श्रीपूरचं. पोरीचा बाप हाय मी."

ते वळून कोपऱ्यापर्यंत जाईतो मी तशीच उभी होते. तेवढ्यात आतून अव्वांचा आवाज आला.

"चेंडूला पाय लावत न्हाय आता. इभूती हातात घिऊन शपत घेतलीया त्यानं. दुकान समदं त्योच बघतो की. पगार घेतो आन् माझ्या हातात आनून देतो."

"आणि कॉलेज?"

"त्ये नावाला."

स्थळासाठी मुलाची जितकी तारीफ करता येईल तितकी अव्वांनी केली होती, आणि त्यातला शब्दन् शब्द नियमाच्या विरुद्ध होता. कोटवाले लिहून घेत होते. अव्वा ताटली भरायला आत गेल्या, तशी मी कोटवाल्यांना हळू आवाजात सगळा घोटाळा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"पगाराचं मी सोडून दिलं असतं, बाई," ते म्हणाले. "पण आईने विभूतीची शपथ सांगितली. ती मुलाने मोडली, असं तुम्ही त्यांच्यासमोर म्हणता का? म्हणत असाल तर हे आत्ता खोडतो."

अव्वा ताटली घेऊन आल्या. चेहरा नुसता उजळला होता. मी बाळीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, आणि पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत गेले.

अंतिम सामन्यात चनमल्लप्पा गोलच्या मागे उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देत होता. आमचं कॉलेज हरलं. घरी आल्यावर रात्रभर किरकिरणाऱ्या बाळीला त्या लांब हातांवर घेऊन तो सोप्यात फेऱ्या घालत राहिला. तिला झोप लागली तरी त्याने तिला खाली ठेवलं नाही.

महिन्याभराने कोटवाल्यांचा निरोप आला. मुलगा मार्गाला लागलेला आहे, खेळाचा नाद सुटलेला आहे, आईच्या शब्दाबाहेर नाही. आमच्या भाचीसाठी विचार व्हावा!

अव्वांनी गल्लीभर साखर वाटली. चनमल्लप्पा माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"वैनी, ह्या नियमात तरी बसतो न्हवं मी?"

बसतोस, म्हटलं मी. मग तो दुकानात गेला.

बोलणी सोमवारी आहेत. श्रीपूरचं स्थळ पायरीवरून कुणी परतवलं, ते अव्वांना आता कळलंय. त्यामुळे पाहुणे उठेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या बाहेर यायचं नाही, असा आमच्या घरात नवा नियम निघाला आहे.