साळवेसाहेबांचं गुरुवारचं विमान

दर गुरुवारी दुपारी साळवेसाहेब काळी छत्री उघडून अंगणात उभे राहायचे. पाऊस नसायचाच, त्यामुळे छत्री उन्हासाठी असणार, असं मी धरून चाललो होतो. थोड्या वेळाने फार उंचावरून, हरभऱ्याच्या दाण्याएवढं विमान पश्चिमेकडून यायचं आणि पूर्वेला निघून जायचं. ते दिसेनासं झालं की साहेब छत्री मिटून मला सांगायचे, "गेलं, मास्तर. वरून जायचा हक्क आहे त्याला, इथं उतरायचा नाही." जसं काही हक्क असता तर ते बाजारतळावर बैलांच्या शेजारी येऊन उभंच राहिलं असतं.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. मी काष्टीच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो आणि साहेबांच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन राहत होतो. साहेब मूळचे इथल्याच बौद्धवाड्यातले. शिकून दिल्लीला सरकारी खात्यात लागले आणि तिथे उभी नोकरी त्यांनी एकच काम केलं. कुठल्या देशाचं विमान आपल्या कुठल्या विमानतळावर उतरेल, आठवड्यातून किती वेळा, किती माणसं घेऊन, हे दोन देशांचे अधिकारी बसून ठरवत, आणि ठरलं की साळवेसाहेब ते टाइप करत. स्वतः मात्र ते विमानात कधी बसले नाहीत. बायको दिल्लीतच वारली. रिटायर झाल्यावर ते रेल्वेने, टाइपरायटर मांडीवर घेऊन गावी परतले.

नोकरी सुटली, सवय सुटली नाही. तुम्ही रस्त्यावरून हात करून पुढे गेलात, तर तो 'पहिला हक्क'. पाणी पिण्यापुरते टेकलात, तर 'दुसरा'. जेवायला थांबायचं म्हटलं की 'त्याला वाटाघाटी लागतील' म्हणायचे, आणि खरंच लागायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं 'समसमान'. मी त्यांच्याकडे एकदा चहा प्यालो, की ते माझ्याकडे येऊन पिईपर्यंत मला दुसरा कप मिळत नसे. परतफेड होण्याआधी पुन्हा द्यायचं, हे त्यांना मंजूरच नव्हतं.

एकदा काष्टीच्या आणि दौंडच्या जीपवाल्यांची प्रवाशांवरून मारामारी झाली. भीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन तट पडले. साहेबांना हे ऐकूनच तरतरी आली. त्यांनी दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना हॉटेलच्या बाकांवर समोरासमोर बसवलं, तीन दिवस वाटाघाटी केल्या आणि करार टाइप करून दिला. त्यातलं कलम चार महत्त्वाचं. दौंडच्या जीपने काष्टीत माणसं उतरवावीत, पण काष्टीचा माणूस उचलू नये. काष्टीच्या जीपने दौंडात तसंच वागावं. गाडीमागे सीटा नऊ.

आठवड्यातच दौंडचा बबन काष्टीकरांना टपावर बसवून नेताना सापडला. साहेबांनी जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, करार सीटांचा हाय. टपावर सीट कुठं हाय?" साहेब रागावले नाहीत. घरी येऊन त्यांनी दुरुस्तीचा कागद टाइप केला आणि मला म्हणाले की हा गडी दिल्लीत फार वर गेला असता. त्या दुरुस्तीनंतर कलम चार मात्र सगळ्यांनी पाळलं. टाइप केलेल्या कागदाला तेव्हा मान होता.

साहेबांच्या मुलीचं मला उशिरा कळलं. सुजाता नर्स होती, मस्कतला. तिथेच तिने हैदराबादच्या एका मुलाशी लग्न केलं आणि नंतर वडिलांना कळवलं. "मुलगा चांगला आहे," साहेब मला म्हणाले, "पण वाटाघाटीच झाल्या नाहीत." त्यांनी कळवलं, आधी तू ये. तिने कळवलं, आधी तुम्ही बोलवा. समसमान! तीन वर्षं दोघं आपापल्या जागी बसून राहिले. ती वर्षातून एकदा मस्कतहून हैदराबादला सासरी यायची. साहेबांनी माझ्या नकाशावर त्या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला होता. दोरा काष्टीवरून जात होता. "विमानतळांच्या यादीत हैदराबाद मीच टाइप केलं होतं, मास्तर," एवढंच बोलून त्यांनी दोरा गुंडाळून खिशात ठेवला. ते विमान आठवड्यातून एकदाच, गुरुवारी असायचं, पण ती कुठल्या गुरुवारी येईल हे ती कळवत नसे. म्हणून साहेब सगळेच गुरुवार उभे राहायचे.

मग एका सोमवारी तिचं पत्र आलं. साहेबांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा कपाळावर होता. तिने लिहिलं होतं, "बाबा, या गुरुवारच्या विमानात आम्ही तिघं आहोत. दर खेपेला मी खिडकीतून भीमेचं वळण शोधते. यंदा बाळाला दाखवीन."

बुधवारी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी आणि छत्री घेऊन माझ्याबरोबर चौकात आले. दौंडहून हैदराबादची रेल्वे गाठायची होती. काष्टीच्या दोन जीपा नादुरुस्त, बाकीच्या नेमक्या वऱ्हाड घेऊन गेलेल्या. बबनची तेवढी रिकामी उभी होती. तो चाचरत म्हणाला, "साहेब, तुमी काष्टीचं. कलम चार हाय."

साहेब म्हणाले, "ते कलम मीच टाइप केलंय, बबन. पण उद्या माझी पोरगी उतरतीय. तिच्या आधी मला तिथं उभं राह्यचंय."

बबनने पुढचं दार उघडलं. हॉटेलात बसलेले काष्टीचे दोघे ड्रायव्हर मुद्दाम दुसरीकडे बघू लागले.

साहेब चढता चढता थांबले. "तिनं अजून बोलावलेलं नाही, मास्तर. तरी मी निघालोय. असं आमच्या एकाही करारात नव्हतं." त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "उद्या उघडून उभे राहा. एवढ्या वरून दिसत नाही, माहीत आहे मला. तरी."

तेव्हा कुठे मला छत्रीचं कळलं.

मी भूगोलाचा मास्तर. तेवढ्या उंचीवरून छत्री दिसत नाही, हे मी फळ्यावर गणित मांडून दाखवलं असतं. गुरुवारी शाळेतून सुट्टी काढून मी ती उघडली, साहेबांच्या जागेवर उभा राहिलो आणि विमान पार दिसेनासं झालं तरी मिटली नाही.